डावीकडची सीट

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिवानंद हत्तरगी गाडी चालवायला अपात्र ठरले. त्याआधी एकतीस वर्षं ते गडहिंग्लजमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या नोंदवहीत त्या दिवशीचा शेवटचा क्रमांक सहा हजार दोनशे चौदा होता.

निकाल सांगणाऱ्या मोटार वाहन निरीक्षक तबस्सुम मुजावर यांचा त्याच वहीतला क्रमांक तीन हजार नव्वद. सोळा वर्षांपूर्वी त्या शिवानंदांच्या शेजारी बसून पहिल्यांदा गिअर टाकायला शिकल्या होत्या. त्यांनी संगणकाचा पडदा शिवानंदांकडे वळवला.

"किमान सहाशे लागतात, मास्तर. तुमचे एकशे चाळीस आलेत."

शिवानंदांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला आणि मशीन तपासलंय का, असं विचारलं.

"तुम्ही यायच्या आधी मी स्वतःवर चालवून बघितलं. मला आठशे वीस आले. तुम्हीच शिकवलंय ते."

पुढचं त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं. फेरचाचणी पंचेचाळीस दिवसांच्या आत. तोवर स्वतः गाडी चालवायची नाही, शिकवायला हरकत नाही. फेरचाचणीतही अपात्र ठरल्यास दोन वर्षं परवाना नाही. आणि ज्याच्याकडे कुठल्याही प्रकारचा वैध परवाना नाही, त्याला प्रशिक्षक म्हणून राहता येत नाही. म्हणजे बसस्थानकामागची ‘हत्तरगी मोटर ड्रायव्हिंग स्कूल’ ही पाटी उतरवावी लागेल. शिवानंद साठ वर्षांचे होते. दुसरं कुठलंही काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

गाडी चालवण्याची पात्रता पूर्वी कागदावर ठरत असे. वयाची अठरा वर्षं पूर्ण, पत्त्याचा पुरावा, चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला, शिकाऊ परवाना काढून तीस दिवस, आणि मग मैदानावरची चाचणी. २०३९ मध्ये या यादीत एक अट वाढली, आणि ती जुन्या परवान्यांच्या नूतनीकरणालाही लागू झाली. तिच्यामागचं संशोधन त्याआधी काही वर्षं चालू होतं. संशोधकांनी हजारो चालकांची तपासणी केली, तेव्हा त्यांना असं दिसलं की अपघात करणारा आणि न करणारा यांच्यात पाय हलण्याच्या वेगाचा फरक फारच थोडा असतो. खरा फरक असतो तो काही घडण्याआधी डोळा कुठे जातो याचा.

माणसाचा डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलतो. थांबलेल्या एसटीच्या खालून पलीकडचे दोन पाय दिसले, की चांगल्या चालकाचा डोळा एसटीच्या पुढच्या टोकाशी जाऊन थांबतो, कारण ते पाय आता तिथून बाहेर पडणार असतात. त्याच वेळी मेंदूच्या हालचाल ठरवणाऱ्या भागात विजेचा दाब हळूहळू चढू लागतो. पाय अजून ब्रेकवर गेलेला नसतो, पण जाण्याची तयारी सुरू झालेली असते. ही तयारी डोक्यावरून मोजता येते हे जुनंच ज्ञान होतं. नवीन काय, तर ती केसांवरून, कुठलाही लेप न लावता, चालत्या गाडीतही मोजणारी एक पट्टी. कपाळावरून डोक्याभोवती बांधायच्या त्या पट्टीत डोळ्यांची हालचाल टिपणारे दोन बारीक कॅमेरेही होते. मेंदूची तयारी सुरू होण्याचा क्षण आणि धोका प्रत्यक्ष समोर येण्याचा क्षण यांतल्या अंतराला ‘अग्रकाळ’ म्हणायचं ठरलं. तो मिलिसेकंदात मोजतात. सहाशे मिलिसेकंदांत ताशी पन्नासने जाणारी गाडी आठ मीटरहून थोडी जास्त जाते. म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या लांबीइतकी.

लोकांना हा नियम पटला. चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त तलाठी पास झाले, बावीस वर्षांचा एक पैलवान नापास झाला, आणि पट्टीकडे कुणाचा वशिला चालत नव्हता. महामार्गावर गाड्या एव्हाना आपल्याआपण धावत होत्या. पण गावातल्या गल्ल्या, आठवड्याचा बाजार, घाट आणि ऊसतोडीच्या हंगामातले रस्ते अजून माणसाच्याच हाती होते. त्यामुळे शिकायला येणारे होते.

शिवानंद चालतच ऑफिसात परतले. टेबलामागे त्यांच्या पत्नी महानंदा बसल्या होत्या. शाळेचे सगळे फॉर्म एकतीस वर्षं त्यांनीच भरले होते. कुठल्या वयाला कुठला दाखला, कुठल्या वर्गाला किती दिवस, हे त्यांना नियमांच्या क्रमांकांसकट पाठ होतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून निकाल कळलाच, पण चहा त्यांनी नंतर ठेवला. आधी अहवाल मागून घेतला आणि नेहमीच्या सवयीने शिसपेन्सिल घेऊन बसल्या.

चाचणीत पडद्यावर चोवीस धोके दाखवले होते. प्रत्येक धोक्याच्या वेळी नजर पहिल्यांदा कुठे गेली तिथे लाल ठिपका होता. चोवीसपैकी एकवीस ठिपके एकाच जागी होते, उजवीकडे खाली, गाडीच्या दाराची कडी असते तिथे. मशीनने शेरा मारला होता, ‘नजर रस्त्याबाहेर’.

"दारात काय बघत होता?" महानंदांनी विचारलं.

शिवानंद म्हणाले की त्यांनी दाराकडे एकदाही बघितलेलं नाही. ते खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातच्या तासाला महानंदा मागच्या सीटवर जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांत त्या असं कधी बसल्या नव्हत्या. शिकायला पोस्टातल्या सुप्रिया नाईक होत्या, बेचाळीस वर्षांच्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरणाऱ्या. शिवानंद डावीकडच्या सीटवर. त्यांच्या पायाशी शाळेच्या गाडीत असतात ते जादाचे ब्रेक आणि क्लच. ते शिकवताना ओरडत नसत, फारसं बोलतही नसत. उजव्या हातातल्या चांदीच्या अंगठीने डॅशबोर्डवर टकटक करत. एकदा म्हणजे क्लच, दोनदा म्हणजे ब्रेक. गावात अर्ध्या चालकांच्या कानात ती टकटक अजून असेल.

बाजारपेठेच्या तोंडाशी गल्लीतून एक स्कूटर बाहेर आली. महानंदा रस्त्याकडे बघतच नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. स्कूटरचं चाक दिसायच्या आतच शिवानंदांची मान किंचित उजवीकडे वळली. नजर सुप्रियांच्या हातांवर, तिथून पायावर. पाय हलला नाही, तेव्हा अंगठी दोनदा वाजली आणि ब्रेक लागला. तासाभरात महानंदांनी हेच सतरा वेळा मोजलं.

सुप्रिया उतरून गेल्यावर त्या मागूनच म्हणाल्या, "तुम्ही वाट बघता. शेजारच्यानं ब्रेक मारला का ते बघता, आणि मगच तुमचा पाय हलतो. तिथं चाचणीला शेजारी कोण होतं? दार होतं."

शिवानंद आठवू लागले की उजवीकडच्या सीटवर आपण शेवटचे कधी बसलो. बहिणीच्या लग्नाला संकेश्वरला जाताना गाडी त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या एका कंडक्टरने चालवली होती. सासऱ्यांच्या तेराव्याला एका प्राध्यापकाने. तेवढाच शिकणाऱ्यांचा सराव होतो, असं ते म्हणत. चाचणीच्या दिवशीसुद्धा कार्यालयापर्यंत सुप्रियांनीच आणलं होतं.

गुरुवारी दोघं तबस्सुमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी बनवणाऱ्या प्रयोगशाळेला पत्र पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की प्रशिक्षकाला डावीकडे बसवून, शेजारी शिकाऊ चालक देऊन मोजणी करावी. फक्त अभ्यासासाठी, निकालासाठी नव्हे. तबस्सुमनी ती केली. शेजारच्या शिकाऊ माणसाची चूक व्हायच्या सरासरी एकोणीसशे मिलिसेकंद आधी शिवानंदांच्या मेंदूत तयारी सुरू होत होती. जवळपास दोन सेकंद. प्रयोगशाळेने आकडा पुन्हा पाठवायला सांगितला. त्यांना टायपिंगची चूक वाटली होती.

"मग झालं की," शिवानंद म्हणाले.

"नाही झालं, मास्तर. नियमात डावी सीट नाही. फॉर्मला रकानाच नाही."

"नियम एकोणीस, पोटनियम चार," महानंदा म्हणाल्या.

तबस्सुमना तो उघडून बघावा लागला. ‘जोडपात्रता’ नावाची तरतूद होती. एका डोळ्याने कमी दिसणारे, एका कानाने न ऐकणारे अशांचा विचार करून ती ठेवलेली होती. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून लक्ष ठेवायचं, दोघांचा मिळून अग्रकाळ नऊशे भरला पाहिजे. परवाना एक वर्षाचा, दोघांच्या नावे, दोघं गाडीत असतानाच लागू. कायद्याच्या भाषेत तोही ‘कुठल्याही प्रकारचा वैध परवाना’ होता. तबस्सुमच्या दोन वर्षांच्या नोकरीत असा अर्ज एकदाही आला नव्हता.

शिवानंदांनी लगेच सुप्रिया नाईकांचं नाव सुचवलं.

"त्या महिन्याभरात पास होऊन जातील," महानंदा म्हणाल्या. "जोडी वर्षभर टिकली पाहिजे असं लिहिलंय. मी भरते फॉर्म."

"तू?"

"सहा हजार भरलेत. अजून एक."

यामागे एक जुनी गोष्ट होती. शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी महानंदा पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी गाडी शिकायला घेतली आणि दोन दिवसांत सोडली. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या चढावर गाडी चार वेळा बंद पडली. त्या उतरल्या, दार हळू लावलं आणि चालत घरी गेल्या. शिवानंदांनी इतकी वर्षं असं धरलं होतं की तिला आवड नव्हती. विचारलं मात्र कधी नव्हतं.

शिकाऊ परवाना त्याच आठवड्यात निघाला. तीस दिवसांची अट आणि फेरचाचणीची मुदत यांच्यात जेमतेम सहा दिवस उरत होते. रोज पहाटे साडेसहाला, शाळेची पहिली तुकडी यायच्या आधी, दोघं मैदानावर जाऊ लागले.

पहिल्या दिवशी महानंदांनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्यापुरता केला आणि हात पुढे केला. "अंगठी द्या."

"कशाला?"

"माझ्याशी तोंडानं बोलायचं. मी काय दार आहे ठोठावायला?"

अंगठी डॅशबोर्डच्या खणात गेली. शिवानंदांना पहिले तीन दिवस फार जड गेले. काय चुकतंय ते त्यांना दोन सेकंद आधी कळत होतं, पण त्याचं वाक्य करायला चार सेकंद लागत. तोवर गाडी बंद पडलेली असे. ‘क्लच’ एवढाच शब्द ते म्हणत, आणि तो सोडायचा की दाबायचा असं महानंदा विचारत. चौथ्या दिवसापासून ते आधी सांगायला लागले. पुढच्या वळणावर काय असू शकतं, आपण कुठे बघतोय आणि का. एकतीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण स्वतःलाही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. रिक्षाचं पुढचं चाक बघ, रिक्षावाल्याचं तोंड नको. बाजाराच्या दिवशी शेळीकडे बघू नको, दोरी कुठे जाते ते बघ. महानंदा घरी येऊन हे सगळं एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहून ठेवत.

नवव्या दिवशी त्याच चढावर गाडी पुन्हा बंद पडली. शिवानंदांनी समोर बघत विचारलं, "त्या वेळी मी काय म्हणालो होतो?"

"'हिला ऑफिसच बरं.' मागे चौघं बसलेले. हसले."

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय ना. दोघांनी कशाला आठवायचं?"

"चुकलं माझं."

महानंदांनी हँडब्रेक ओढला. "गिअर न्यूट्रलला आहे का ते बघू दे आधी," त्या म्हणाल्या आणि गाडी पुन्हा चालू केली. या वेळी ती चढ चढून वर गेली. वर मैदान संपत होतं आणि पलीकडे हलकर्णीचा रस्ता दिसत होता. हलकर्णी महानंदांचं माहेर. त्यांचा भाऊ अजून तिथे होता. त्या रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं की परवान्याचं त्यांच्या मनात तसं काही नाही, फक्त एकदा तिथवर एकटीनं, काच खाली करून जायचंय. शिवानंदांनी ते ऐकलं. जोडपरवान्यावर तसं जाता येणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

चाचणी बेचाळिसाव्या दिवशी झाली. जानेवारीचा तिसरा आठवडा, कारखाने जोरात. आजरा रस्त्यावर सोळा किलोमीटर जायचं आणि परत यायचं होतं. दोघांच्या कपाळाला पट्ट्या, मागे तबस्सुम टॅब्लेट घेऊन. जाताना काही विशेष घडलं नाही. महानंदा ताशी पंचेचाळीसच्या वर गेल्या नाहीत, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या एका जीपला त्यांनी शांतपणे पुढे जाऊ दिलं.

परतताना एक झाडीचं वळण होतं. वळणाच्या शंभर मीटर अलीकडे शिवानंदांची मान नेहमीसारखी उजवीकडे वळली. महानंदांचे हात त्यांनी बघितले. मग पाय. पाय आधीच ब्रेकवर होता आणि गाडी हळू होत होती. ते वाट बघायला वळले होते, आणि वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी आपला पाय जादाच्या ब्रेकवरून उचलून घेतला.

वळणापलीकडे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्यातच उभा होता. मागे दिवा नाही, लाल फडकंही नाही. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीखाली वाकून खिट्टी बसवत होता. महानंदा त्याच्या मागे दहा मीटरवर थांबल्या.

"कशावरून कळलं?" शिवानंदांनी विचारलं.

"रस्त्यावर उसाच्या कांड्या पडलेल्या. ताज्या होत्या, कुणी चिरडल्या नव्हत्या."

हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

कार्यालयात आल्यावर तबस्सुमनी आकडे दोनदा तपासले. दोघांचा मिळून अग्रकाळ सोळाशे चाळीस. नऊशे पुरे होते. मग त्यांनी दुसरा आकडा सांगितला. महानंदांचा एकटीचा, शेजारच्याचा भाग वजा करून, सातशे साठ.

"म्हणजे तुम्ही एकट्याही पात्र आहात, काकी. नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं. एकल की जोड? दोन्ही एकदम मिळत नाहीत."

एकल घेतला तर महानंदा हव्या तिथे एकट्या जाऊ शकत होत्या आणि शाळा तीन दिवसांनी बंद होणार होती. जोड घेतला तर शाळा राहणार होती. तबस्सुमनी फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

शिवानंद म्हणाले, "एकल लिहा."

"आणि शाळा?" महानंदांनी विचारलं.

"सहा हजार झाले की. पुरे झाले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. महानंदांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, फॉर्म पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे आधी बारीक अक्षरातला मजकूर वाचला. जोडपरवाना दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी एका सहीने एकल करून घेता येत होता. दुसऱ्या जोडीदाराला त्या वेळी पुन्हा चाचणी देण्याची मुभा होती. त्या दोन ओळींखाली त्यांनी पेनाने रेघ मारली. सरकारी फॉर्मवर असं करायचं नसतं.

"एक वर्ष जोड," महानंदा म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीत मी एकल घेणार. हलकर्णीला जायचंय मला. तोवर तुम्ही उजवीकडे बसायला शिका."

"मी?"

"वयाची अट नाही. मी बघितलंय."

तबस्सुम हसल्या, पण खाली बघून. खूण ‘जोड’वर झाली आणि शिक्का बसला. बाहेर पडताना शिवानंद सवयीने गाडीच्या डाव्या दाराशी गेले. महानंदा उजवीकडे बसल्या. घरी जाताना एकही शब्द बोलावा लागला नाही.

पुढच्या सोमवारी पहाटे मैदानावर दव होतं. ऑफिसातून निघण्याआधी महानंदांनी नोंदवही उघडून नवीन ओळीत लिहिलं होतं: सहा हजार दोनशे सोळा, शिवानंद मल्लाप्पा हत्तरगी, वय साठ. त्याच्या वरच्या ओळीत, दीड महिन्यापूर्वी, त्यांचं स्वतःचं नाव होतं. मधल्या काळात नवे प्रवेश त्यांनी थांबवले होते. मोकळ्या मैदानाला परवाना लागत नाही, हाही नियम त्यांना पाठ होता.

शिवानंद उजवीकडच्या सीटवर बसले. ती त्यांना उंच वाटली. त्यांनी सीट मागे सरकवली, आरसा लावला, पहिला गिअर टाकला. महानंदांनी शाळेच्या मागे पडून असलेले तीन डबे, एक सायकल आणि फाटक्या छत्रीचा सांगाडा मैदानावर ठिकठिकाणी मांडून ठेवले होते. गाडी सायकलपाशी आली. शिवानंदांची मान उजवीकडे वळली, नजर दाराच्या कडीवर गेली.

डॅशबोर्डवर दोनदा टकटक झाली.

त्यांनी ब्रेक मारला आणि डावीकडे बघितलं. महानंदांच्या अंगठ्यात चांदीची अंगठी होती. ती त्यांना सैल होत होती, म्हणून त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला होता.

"तोंडानं बोलायचं ठरलं होतं," शिवानंद म्हणाले.

"ते माझ्यासाठी. तुम्हाला हीच भाषा कळते." त्यांनी समोर बोट केलं. "पुढं बघा. उजवीकडं कुणी नाही."

शिवानंदांनी क्लच दाबला, पुन्हा पहिला गिअर टाकला आणि पुढे बघितलं.